हजार चंद्रांची सजावट: घरातील रद्दी आणि पुठ्ठ्यातून केलेल्या कामाच्या प्रकल्प नोंदी

२२ डिसेंबर २०२४, पुणे

आईचा जन्म एप्रिल १९४४ च्या अखेरचा आहे. त्या वर्षीच्या वैशाख पौर्णिमेपासून मोजत आले, तर येत्या १२ फेब्रुवारीची माघी पौर्णिमा ही तिच्या आयुष्यातील हजारावी पौर्णिमा ठरते. त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे १६ फेब्रुवारीला, सोसायटीच्या सभागृहात तिचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले असून सभागृहाच्या सजावटीची जबाबदारी दादा, वहिनी, मी आणि मुले अशी आम्ही घेतली आहे. सजावट घरातील रद्दी, पुठ्ठे, जुनी वस्त्रे आणि करवंट्या यांतूनच करायची, यावर आमचे आधीच एकमत झाले होते. आज तिची कल्पना निश्चित झाली. सभागृहात खरोखरच एक हजार कागदी चंद्र टांगायचे आणि त्यांची मांडणी पंचांगाच्या हिशोबाप्रमाणे करायची.

हा हिशोब मांडून पाहिल्यावर त्यात सजावटीचा आराखडाच मिळाला. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, त्यामुळे हजार पौर्णिमांना सुमारे ८० वर्षे आणि १० महिने लागतात. पंचांगाने पाहिले तर वैशाख १९४४ ते चैत्र २०२४ या ८० वर्षांच्या ९६० पौर्णिमा, पुढे वैशाख ते माघ या दहा महिन्यांच्या दहा, आणि या काळात आलेल्या अधिक मासांच्या तीस, अशी बेरीज बरोबर १००० होते. अधिक मास १९ वर्षांत सात वेळा येतो, हे लक्षात घेतले की तीस हा आकडा पटतो. मामांनी १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षांतील क्षयमासाची आठवण करून दिली. त्या दोन्ही वर्षी एक महिना गळाला आणि दोन अधिक मास आले, त्यामुळे एकूण संख्येत फरक पडत नाही; म्हणून आम्ही मांडणी सरळ ठेवली आहे.

त्यानुसार बारा महिन्यांच्या बारा माळा होतील. वैशाखापासून माघापर्यंतच्या दहा माळांत प्रत्येकी ८१ चंद्र, तर फाल्गुन आणि चैत्र यांच्या माळांत प्रत्येकी ८० चंद्र असतील. ८१ चे २७ चंद्रांचे तीन समान सर पडतात आणि सभागृहाच्या उंचीला तेवढाच सर शोभतो. अधिक मासांचे तीस चंद्र वेगळे, व्यासपीठामागच्या मोठ्या चंद्राभोवती लावायचे.

साहित्याविषयी एक गोष्ट मला पहिल्याच नोंदीत लिहून ठेवावीशी वाटते. टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या सजावटीचे कौतुक समारंभाच्या दिवशी होते, पण तिची परीक्षा दुसऱ्या दिवशी असते. रद्दीवाल्याकडे सहज गेला असता असा कागद चमकी, चिकटपट्टी आणि गरम गोंद लावून आपण सजवला, तर तो पुढे कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. म्हणजे ज्या वस्तूचा कचरा होणार नव्हता तिचा आपण कचरा केलेला असतो. म्हणून प्रत्येक जोड पाण्याने सुटणारा किंवा गाठ सोडून मोकळा होणारा असावा, आणि ज्या वस्तूत कागद, प्लॅस्टिक व धातू यांचे थर एकत्र असतात ती बारीक कापू नये, एवढे दोन निर्बंध आम्ही घालून घेतले आहेत.

थर्माकोलचा विचार अर्थातच केला नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारच्या नियमानुसार ती देशभर लागू झाली. फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्याही त्याच यादीत आहेत.

२९ डिसेंबर २०२४

आजचा दिवस साहित्य गोळा करून ते वेगळे करण्यात गेला. वर्तमानपत्रांची रद्दी, गेल्या काही वर्षांच्या लग्नपत्रिका, ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे पुठ्ठ्याचे खोके, ताकाच्या आणि फळांच्या रसाच्या टेट्रा पॅकच्या पेट्या, जुन्या दिनदर्शिका, तांदळाच्या पोत्यांची सुतळी आणि आईच्या दोन जीर्ण नऊवारी असा ढीग दिवाणखान्यात लागला.

आमच्या इमारतीतील कचरा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद असलेल्या ताई नेतात. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ची स्थापना झाली. कोणता माल पुढे जातो आणि कोणता अडकून पडतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, म्हणून सकाळी त्या आल्या तेव्हा त्यांना घरात बोलावून हा ढीग दाखवला. त्यांनी एकेक वस्तू हातात घेऊन निकाल दिला. पुठ्ठा कोरडा आणि सपाट केलेला असावा. वर्तमानपत्रावर रंग असला तरी चालतो, पण तेल लागलेले चालत नाही. पत्रिका वेगळ्या ठेवल्या तर बरे. “चिकटपट्टी तेवढी लावू नका काकू, ती सोलत बसायला आम्हाला वेळ नसतो,” हे त्यांनी विशेष बजावून सांगितले.

लग्नपत्रिका दोन प्रकारच्या निघाल्या. ज्यांच्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चढवलेला असतो त्या फाडताना कडेला पापुद्रा ताणला जातो आणि कागदापासून सुटा दिसतो. साध्या पत्रिकेची फाटलेली कड मात्र तंतुमय आणि पांढरी राहते. प्रत्येक पत्रिकेचा कोपरा फाडून ही परीक्षा घेतली आणि पापुद्र्याच्या पत्रिका बाजूला काढल्या, कारण त्यांच्यात खळीचे पाणी शिरत नाही, चकती नीट चिकटत नाही आणि पुढे कागदाचा लगदाही होत नाही.

पत्रिकांवरील गणपतीची आणि कुलदैवताची चित्रे कापायची नाहीत, असे आईने सांगितले. ती आम्ही सबंध कापून एका पाकिटात ठेवली आहेत.

दिनदर्शिकांचा ढीग या सगळ्यात मौल्यवान ठरला. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून निघते आणि आमच्या घरी तिची जुनी वर्षे बऱ्यापैकी राखलेली आहेत, कारण दुधाचा, इस्त्रीचा आणि गॅसच्या टाकीचा हिशोब आई त्यातील चौकटींतच लिहीत असे. प्रत्येक वर्षाच्या पानांवर पौर्णिमेची चौकट आहेच. ती कापून त्या त्या चंद्राच्या पाठीवर लावली, तर चंद्र कोणत्या वर्षाचा हे निराळे लिहावे लागणार नाही, आणि ‘दूध १॥ लि.’ अशी आईच्या हातची नोंदही त्याच्यासोबत राहील. ज्या वर्षांची दिनदर्शिका नाही, त्या चंद्रांच्या पाठीवर मुले पेन्सिलीने वर्ष लिहितील. शाई खळीच्या ओलाव्याने फुटते, शिसपेन्सिलीचे अक्षर फुटत नाही.

५ जानेवारी २०२५

चंद्राची रचना आज पक्की झाली. एक चकती पुढे, एक मागे आणि मधून दोरा, तिन्ही खळीने चिकटवलेले. व्यास सहा सेंटिमीटर ठेवला असून साच्यासाठी लोणच्याची लहान वाटी वापरत आहोत. दोन चंद्रांमध्ये एक सेंटिमीटर अंतर सोडले की २७ चंद्रांचा सर सुमारे १ मीटर ९० सेंटिमीटर होतो. साधारण पंधरा बाय वीस सेंटिमीटरच्या पत्रिकेतून सहा चकत्या निघतात. पत्रिका पुरणार नाहीत हे उघड असल्यामुळे बहुसंख्य चंद्रांसाठी वर्तमानपत्राचे थर एकमेकांवर चिकटवून त्याचाच जाड कागद तयार करत आहोत.

येथे कागदाच्या धाग्याचा विचार करावा लागतो. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेने बसतात. वर्तमानपत्र उभे फाडले तर सरळ फाटते आणि आडवे फाडले तर वेडेवाकडे जाते, ते याचमुळे. ओला झालेला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक फुगतो आणि वाळताना त्याच दिशेने आकसतो, त्यामुळे एकाच बाजूने खळ लावलेली चकती वाळून पन्हळीसारखी वळते. पुढची आणि मागची चकती सारख्या जाडीची, तंतूंची दिशा एकच, आणि वाळेपर्यंत वर वजन, ही पद्धत घातली की चंद्र सपाट राहतो. वजनाला वरवंटा आणि जुने शब्दकोश आहेत. डिसेंबर-जानेवारीतील पुण्याची हवा कोरडी असते, त्यामुळे कागद लवकर वाळतो खरा, पण जितका लवकर वाळतो तितका अधिक वळतो. म्हणून उन्हात ठेवण्याऐवजी घरात सावलीतच वाळवत आहोत.

खळ मैद्याची. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवून घ्यायचा, मग त्यात एकूण पाच ते सहा वाट्या पाणी होईल असे करून मंद आचेवर ढवळत राहायचे, आणि पांढुरकेपणा जाऊन ती पारदर्शक दिसू लागली की उतरवायची. टिकण्यासाठी चिमूटभर तुरटीची पूड घालतो. पूर्वी पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालत, म्हणजे तिला किडे लागत नसत. पण तो विषारी आहे, मुले हाताने खळ लावणार आहेत आणि उरलेली खळ कंपोस्टमध्ये जाणार आहे, म्हणून तो घातला नाही. त्याऐवजी लागेल तेवढीच खळ रोज ताजी करतो.

दोरा सुतीच हवा. सुती दोरा खळ शोषून घेतो आणि वाळल्यावर कागदाला घट्ट धरून राहतो, तर नायलॉनच्या गुळगुळीत दोऱ्यावरून चकत्या घसरतात. हा दोरा विकत घ्यावा लागला नाही. तांदळाच्या आणि साखरेच्या पोत्यांचे तोंड साखळी टाक्याने शिवलेले असते. त्याचे योग्य टोक सापडून ओढले की सबंध दोरा एका झटक्यात सुटून येतो. आमच्या वाण्याने गेल्या आठवड्यात रिकाम्या झालेल्या पोत्यांचे दोरे आनंदाने काढू दिले.

एक सर आज पाण्याच्या घमेल्यात बुडवून पाहिला. थोड्याच वेळात खळ मऊ झाली, चकत्या आपोआप सुटल्या आणि दोरा मोकळा हाती आला. हीच गोष्ट साध्य करायची होती.

१२ जानेवारी २०२५

रंग. सगळे चंद्र एका रंगाचे असावेत की महिन्यागणिक निराळे, यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी छटा वेगळ्या पण सगळ्या फिकट, असे ठरले, म्हणजे लांबून पाहताना सर्व चंद्रच वाटतील आणि जवळ आल्यावर माळ ओळखता येईल.

गाळलेल्या चहाच्या चोथ्याला पुन्हा उकळी आणून जे पाणी मिळते, त्यात बुडवलेले वर्तमानपत्र जुन्या कागदासारखे बदामी होते. हळदीच्या पाण्याने लख्ख पिवळे येते, आणि त्याच हळदीत चुन्याची निवळी मिसळली की ते तांबूस होते; पारंपरिक कुंकू याच क्रियेतून तयार होते. होळीच्या पौर्णिमेची माळ या तांबूस छटेची आहे. हळदीचा रंग उन्हात विटतो, म्हणून हळदीच्या माळा खिडकीपासून दूरच्या भिंतीला लावायच्या, अशी नोंद आराखड्यात केली आहे. बिटाचे पाणी वापरले नाही. ते दोन दिवसांतच मळकट तपकिरी पडते.

चहाच्या पाण्यात गंजलेले खिळे एक रात्र ठेवले की लोखंड आणि चहातील टॅनिन यांच्या संयोगाने करडा-काळा रंग तयार होतो. मोठ्या चंद्रावरचे डाग याच रंगाने रंगवायचे आहेत.

कोजागरीच्या माळेला कोणताही रंग दिलेला नाही. तिच्यासाठी पत्रिकांच्या आतील कोरी पांढरी पाने राखून ठेवली होती.

१९ जानेवारी २०२५

मोठा चंद्र. व्यास १ मीटर २० सेंटिमीटर. शीतकपाटाच्या खोक्याचा पुठ्ठा शेजाऱ्यांकडून मिळाला. तो पाच पदरी, म्हणजे तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी पदर असलेला आहे. पुठ्ठा नागमोडींच्या रेषेवर सहज दुमडतो आणि त्यांच्या आडव्या दिशेने ताठ राहतो, म्हणून दोन वर्तुळे कापून त्यांतील एकाच्या नागमोडी उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील अशी ती एकमेकांवर ठेवली. ती चिकटवलेली नसून बारा ठिकाणी भोके पाडून सुतळीने टाचली आहेत, त्यामुळे समारंभानंतर सुतळी कापली की दोन स्वच्छ पुठ्ठे वेगळे होतील.

चंद्रावरची विवरे आणि उंचवटे कागदाच्या लगद्याचे केले. येथे आईचे ज्ञान कामी आले. लहानपणी तिने घरच्या बायकांना जुन्या टोपल्या आणि सुपे लगद्याने लिंपताना पाहिले होते. बांबूच्या विणीतून पीठ गळू लागले की भिजवलेला कागद मेथ्यांबरोबर कुटून त्याचा लेप आतून-बाहेरून देत, आणि अशी टोपली पुढे कित्येक वर्षे धान्याला चाले. मेथ्या भिजवून वाटल्या की त्यांचा बुळबुळीत चीक सुटतो आणि तोच लगद्याला धरून ठेवतो. शिवाय कडूपणामुळे कसर लागत नाही, असा तिचा अनुभव आहे. तिने सांगितलेले प्रमाण असे: घट्ट पिळलेला लगदा सहा वाट्या, वाटलेल्या मेथ्या एक वाटी. वर्तमानपत्र आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवले, सकाळी खलबत्त्यात कुटले आणि फडक्यातून पिळले. आई खुर्चीवर बसून लगदा बोटांत दाबून पाहत होती. “पाणी सुटतंय अजून, पिळा” असे ती म्हणत राहिली आणि दादा पिळत राहिला.

ओला लगदा थेट पुठ्ठ्यावर दिला असता तर पुठ्ठा भिजून लवला असता आणि वाळताना एका बाजूला खेचला गेला असता. म्हणून विवरांच्या कडा ताटावर केळीच्या पानावर थापून, सुट्या वाळवून मग खळीने बसवल्या आहेत. वाळलेला लगदा आश्चर्य वाटावे इतका हलका असतो. आईच्या आग्रहाखातर चंद्रावर एका बाजूला सशाची आकृतीही त्याच लगद्यात केली. शशांक हे नाव ज्याच्यामुळे पडले तो ससा चंद्रावर हवाच, असे तिचे म्हणणे होते आणि ते सगळ्यांना मान्य झाले.

मागे प्रकाश परावर्तित करण्यासाठी टेट्रा पॅकच्या पेट्या वापरायच्या आहेत. या पेटीत तीन चतुर्थांशाच्या आसपास कागद असतो, बाकी प्लॅस्टिकचे पातळ थर आणि अगदी थोडे ॲल्युमिनियम. पेटी धुऊन शिवणीवर उलगडली की आतील रुपेरी बाजूचा मोठा, चौकोनी पत्रा मिळतो. त्याच्या चांदण्या किंवा चकत्या कापण्याचा मोह मुलांना झाला होता, पण अशा मिश्र थरांचे बारीक तुकडे झाले की ते कचऱ्यात निवडले जात नाहीत. त्यामुळे पत्रे अखंड ठेवून कोपऱ्यांत भोके पाडली आणि दोऱ्याने एकमेकांना बांधून त्यांचा पडदा केला. दिवाळीच्या एलईडी माळेचा उजेड त्यावर पडला की चंद्राभोवती मंद प्रभा दिसते. चमकीच्या पुडीतून ही प्रभा कधीच आली नसती.

२६ जानेवारी २०२५

अक्षरे. ‘सहस्रचंद्रदर्शन’ हा शब्द व्यासपीठावर मोठ्या अक्षरांत हवा आणि तोच पाहुण्यांना द्यायच्या कागदी पिशव्यांवर लहान आकारात छापायचा आहे. मोठ्या अक्षरांसाठी पुठ्ठा कापला. येथे देवनागरीची शिरोरेखा फार उपयोगी पडते, कारण शब्द अखंड कापला तर सगळी अक्षरे तिच्यावर लटकून एकत्र राहतात आणि टांगायला फक्त दोन टोके बांधावी लागतात. तेवढा अनुस्वाराचा टिंब सुटा पडतो. तो दोऱ्याने शिरोरेखेच्या वर उभ्या केलेल्या काडीला बांधला.

छपाईच्या साच्यात नेमके उलटे होते. तेथे अक्षराची जागा पोकळ असते, त्यामुळे टिंब म्हणजे नुसते भोक, त्याची अडचण नाही. पण ‘स’ आणि ‘च’ यांच्या पोटातली बंद जागा निखळून पडते. तिला जागेवर धरण्यासाठी अक्षराच्या रेघेत दोन लहान पूल ठेवावे लागतात. शिरोरेखाही मध्येमध्ये तोडावी लागते, नाहीतर सबंध पट्टी फाटते. साच्यासाठी आईच्या गुडघ्याच्या आणि मणक्याच्या जुन्या क्ष-किरण फिल्म वापरल्या. ही फिल्म पॉलिएस्टरची असल्यामुळे ती फाटत नाही, पाण्याने भिजत नाही आणि ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा वापरता येते. नाव आणि तारीख असलेला कोपरा आधी कापून टाकला. पिशव्या वर्तमानपत्राच्या आहेत आणि छपाईला गेरू व खळ यांचे पातळ मिश्रण आहे.

२ फेब्रुवारी २०२५

माळांचे काम दुपारच्या चहानंतर रोज चालू आहे. पौषापर्यंतच्या माळा पूर्ण. सर गुंतू नयेत म्हणून प्रत्येक सर पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळून वर महिन्याचे नाव लिहिले आहे: वटपौर्णिमा, गुरुपौर्णिमा, नारळी पौर्णिमा, त्रिपुरारी, शाकंभरी. मुलांना ही नावे ओळीने पाठ झाली.

करवंट्या घासून झाल्या. बाहेरचा काथ्या सुरीने खरवडला, वापरलेल्या पॉलिश कागदाने गुळगुळीत केले आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात फिरवला. टेबलांवर फुले ठेवायला त्यांचा उपयोग होईल.

९ फेब्रुवारी २०२५

सभागृहात आज टांगणीची चाचणी घेतली. भिंतींना खिळे ठोकण्यास आणि चिकटपट्टी लावण्यास सोसायटीची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. सर्व सर घरांतून जमवलेल्या पडद्यांच्या जुन्या दांड्यांवर बांधले आणि दांड्या छताच्या हुकांना सुतळीने अडकवल्या. सर बांधताना सरकगाठ घातली, म्हणजे उतरवताना कात्री लागणार नाही. दोन दांड्यांमधील अंतर इतके ठेवले की पंखा मंद गतीने चालू असता सर हलतील पण एकमेकांत अडकणार नाहीत. हलणाऱ्या सरांच्या भिंतीवर पडणाऱ्या सावल्या फारच सुंदर दिसतात, म्हणून मागची भिंत मोकळीच ठेवायचे ठरले. एक नऊवारी मोठ्या चंद्रामागे सोडली आहे. तिची लांबी आठ मीटरहून अधिक असल्याने चुण्या घेऊनही सबंध व्यासपीठ झाकले जाते. दुसरीची सुती काठापदराची तोरणे केली.

आगीचा विचार या सजावटीत सर्वांत आधी करायला हवा. आईला कणकेच्या ८१ दिव्यांनी ओवाळायचे आहे, म्हणजे वाळलेला कागद आणि उघड्या ज्योती एकाच सभागृहात असणार. ओवाळण्याची जागा व्यासपीठापासून दूर, सभागृहाच्या मध्यभागी घेतली आणि तिच्या वर व आजूबाजूला एकही सर येणार नाही असा मोकळा चौक आखला. दिवे ताटांत ठेवायचे, ताटे पितळेची, आणि ताटे हातात असेपर्यंत पंखे बंद. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूची एक बादली दाराशी राहील. अग्निशामक नळकांडे कोणत्या भिंतीला आहे हे पाहून घेतले आणि ते माळांआड झाकले जाणार नाही अशी काळजी घेतली. प्रकाशासाठी फक्त एलईडी आहेत. जुने हॅलोजन दिवे तापतात आणि कागदाजवळ ते चालत नाहीत.

१६ फेब्रुवारी २०२५

समारंभ पार पडला. बुधवारी माघी पौर्णिमेला घरी शेवटचा चंद्र आईने स्वतः चिकटवला होता. तो माघाच्या माळेच्या तिसऱ्या सराच्या टोकाशी आहे.

बहुतेक पाहुणे माळांमध्ये आपले वर्ष शोधत होते. पाठीवरची चौकट वाचता यावी म्हणून खालचे चंद्र डोळ्यांच्या उंचीला ठेवले होते, त्याचा फार उपयोग झाला. एका मावशींना त्यांच्या लग्नाच्या वर्षीची वैशाख पौर्णिमा सापडली आणि त्या चंद्राच्या पाठीवर आईने ‘चक्का आणणे’ असे लिहिलेले होते. विकत आणलेली सजावट म्हणजे झेंडू आणि शेवंती एवढीच होती. तीही सुती दोऱ्यात ओवून घेतली होती.

२३ फेब्रुवारी २०२५

उतरवण्याचे काम सोमवारीच सुरू केले होते, ते आज संपले. वेगवेगळ्या वस्तू कुठे गेल्या, याची नोंद करतो, कारण पुढे कोणी असे काम हाती घेतले तर हीच माहिती उपयोगी पडेल.

फुले दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात दोऱ्यासकट गेली. मोठ्या चंद्राची सुतळी कापून दोन्ही पुठ्ठे सपाट वेगळे केले. विवरांचा लगदा खळीसह ओला करून खरवडून काढला आणि तोही खड्ड्यात टाकला. पुठ्ठ्यांचे पृष्ठभाग वाळवून ते इतर खोक्यांबरोबर ताईंना दिले. टेट्रा पॅकच्या पडद्याचे दोरे सोडून पेट्या अखंड आणि स्वच्छ अशा एका गठ्ठ्यात दिल्या. हा गठ्ठा त्या स्वतंत्र ठेवतात.

माळांपैकी निम्म्या माळा घरोघरी गेल्या, कारण आईची नातवंडे आणि भाचवंडे आपापल्या जन्ममहिन्याची माळ मागत होती. उरलेल्या माळा टबात बुडवून चकत्या सोडवल्या. भिजलेल्या चकत्यांपैकी वर्तमानपत्राच्या चकत्यांचा पुन्हा लगदा केला असून त्यातून आईच्या देखरेखीखाली एक फुटकी टोपली लिंपण्याचे काम वहिनींनी सुरू केले आहे. पत्रिकांच्या चकत्या चाळणीत निथळून, वाळवून वेगळ्या पिशवीत भरल्या आणि ताईंना तशाच दिल्या. दिनदर्शिकेच्या चौकटी मात्र भिजवण्यापूर्वी कोरड्याच सोलून काढल्या. खळ पातळ लावलेली असल्यामुळे सुरीचे पाते सारले की बहुतेक चौकटी अखंड निघतात. त्या वर्षांच्या क्रमाने एका वहीत लावल्या आहेत.

दोरे धुऊन, वाळवून त्यांची गुंडी केली. नऊवारीचा चुणीदार पडदा सोडून, हाताने धुऊन गोधडीच्या अस्तरासाठी काढून ठेवला. करवंट्या पाच घरांनी रोपे लावायला नेल्या. पत्रिकांवरील देवतांच्या चित्रांचे पाकीट आईच्या देवघराखालच्या कप्प्यात आहे.

क्ष-किरण फिल्मचे साचे पुसून ठेवले आहेत. ‘सहस्र’ हा भाग झाकला तर उरलेला साचा कोजागरीच्या पिशव्यांसाठी तसाच वापरता येईल.